पाणी पिकू द्या

आमच्या बागेतला पाणक्या कुठलंही पाणी दिसलं की आधी चाखायचा. विहीर असो, नदी असो, रांजण असो की बैलांना पाजायची दगडी डोणी असो, उजव्या तळहाताचा खोलगा करून चार थेंब उचलायचा, जिभेवर घ्यायचा, डोळे मिटून थोडा वेळ उभा राहायचा, बाजूला थुंकायचा आणि मगच तोंड उघडायचा. हे पाणी कालचं उपसलेलं आहे, या विहिरीला पूर्वेकडून झरा आहे, या घागरीत कुणीतरी चिंच कोळली होती, असं काहीबाही सांगायचा आणि चौकशी केली तर ते खरं निघायचं. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पंचविशीत होतो. निजाम सरकारच्या तामिरात खात्यात, म्हणजे बांधकामाच्या खात्यात, नवाकोरा ओव्हरसियर म्हणून नांदेडला आलो होतो. पाणी चाखून थुंकणारा हा म्हातारा पाहून मला किळस आली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याहून वाईट आहे.

तो गोदावरीकाठच्या भोईगल्लीतला. साठीच्या पुढचा, काळा, सडपातळ, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर कावडीचा घट्टा. सरकारनं गावाबाहेर नवी बाग काढली होती, तिथल्या रोपांना नदीचं पाणी आणून घालायचं त्याचं काम. कावडीच्या दोन घागरी घेऊन सकाळपासून खेपा चालायच्या. बागेतले सगळे त्याला पाणक्या म्हणत, म्हणून मीही पाणक्या म्हणे. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी ‘ए पाणक्या, इकडे ये’ अशी हाक मारत असे आणि तो ‘हाव सायब’ म्हणून येत असे. त्याला नाव असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

भोईगल्लीत मात्र त्याचं नाव मोठं होतं. आमच्याकडे विहीर नवी खणली किंवा जुनीचा गाळ काढला, की तिच्यात मासळी सोडायची रीत होती. मासळी किडे-अळ्या खाते, पाणी स्वच्छ राहतं. पण ती कुणीही, कधीही सोडायची नसते. त्यासाठी या पाणक्याला बोलावणं जायचं. तो येऊन पाणी चाखायचा आणि बहुतेक वेळा मान हलवायचा. “पाणी कवळं हाय. पिकू द्या.” मग आठ दिवसांनी पुन्हा येऊन चाखायचा. पाणी पिकलं म्हणाला, की नदीतली बोटाएवढी पिल्लं घागरीत घालून, तोंडाला ओलं फडकं बांधून आणायचा. घरची बाई त्या घागरीला हळदकुंकू लावायची, मग तो पायऱ्या उतरून, घागर पाण्यात तिरपी धरून, मासे आपणहून बाहेर पडेपर्यंत बसून राहायचा. त्याच्या हातची मासळी मरत नाही, असं लोहा-मुदखेडपर्यंतचे लोक म्हणत. शेत नाही, वतन नाही, लिहिता-वाचता येत नाही. या माणसाजवळ गावानं मानावं असं हे एवढंच होतं. मी त्याचं जे घेतलं ते हेच.

आता हौदाचं सांगतो. आमच्या जिल्ह्याचे तालुकदार, म्हणजे कलेक्टरच, हैदराबादला कुणाच्या बंगल्यात लाल मासे पाहून आले आणि आपल्या नव्या बागेत तसा हौद पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. औरंगाबादहून सुभेदारसाहेबांचा, म्हणजे तालुकदारांच्याही वरच्या अधिकाऱ्याचा, दौरा ठरला होता. दौऱ्याच्या आधी हौद तयार, मासे पोहताहेत, कारंजं उडतंय, असं चित्र त्यांना हवं होतं. काम माझ्याकडे आलं. माझं पहिलंच स्वतंत्र काम, आणि मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. गवंडी म्हणाला, चुना निदान महिनाभर मुरू द्यावा लागतो. मी त्याला आठ दिवस दिले. बैल लावून दगडी चाकाच्या घाणीत चुना मळून घेतला, बेलफळाचा गर घातला, गूळ घातला, आणि गिलाव्यावर गुळगुळीत गोट्यांनी अशी घोटाई करून घेतली की वाकलं तर आपलं तोंड दिसावं. दुधासारखा पांढरा हौद. संध्याकाळी मी मित्रांना तो दाखवायला घेऊन जात असे.

पाणी भरलं त्या दिवशी पाणक्यानं शेवटची घागर ओतली आणि सवयीनं चार थेंब उचलले. या खेपेला डोळे मिटायच्या आधीच थुंकला. मी काठावरच उभा होतो. तो म्हणाला, “सायब, जीभ पोळून राहिली. पिकू द्या ह्याला.” मी हसलो. पाणी म्हणजे काय पाडाचा आंबा आहे काय, की अढीत घालून पिकवू, असं काहीतरी बोललो. सोबतचे दोघे-तिघे हसले. तो चिडला नाही. त्यानं रीतसर सांगितलं की केळीचे खुंट चिरून आत टाकायचे, ताजं शेण कालवायचं, पंधरा दिवस तसंच ठेवून उपसायचं, परत भरायचं, भिंतीला हिरवी साय धरेपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या पांढऱ्याशुभ्र हौदात शेण! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, “तुझं काम पाणी आणायचं. हौद माझा आहे.” तो ‘हाव’ म्हणाला आणि कावड उचलून गेला.

मासे आणायला मी स्वतः हैदराबादला गेलो आणि पाणक्याला बरोबर नेलं, कारण जिवंत मासे गाडीतून आणायची अक्कल दुसऱ्या कुणाला नव्हती. परतीच्या प्रवासात मी वरच्या दर्जाच्या डब्यात, तो थर्ड क्लासात दोन हंड्यांच्या मध्ये उकिडवा. माशांना गाडीत कोंडलं की पाणी थिजल्यासारखं होतं, ते सारखं हलवत राहावं लागतं, हे मला त्यानंच सांगितलं. “हात थांबला की मासा थांबतो,” असं तो म्हणायचा. निजामाबादला गाडी थांबली तेव्हा मी उतरून पाहायला गेलो. उजवा हात एका हंड्यात, डावा दुसऱ्यात, दोन्ही हात सुरकुतून पांढरे पडलेले, आणि शेजारची एक बाई त्याच्या तोंडाला चहाचा कप लावत होती. मला पाहून तो संकोचून म्हणाला, सायब, जरा लघवीला जाऊन येतो, तेवढा वेळ हात फिरवता का. मी माझ्या इस्त्रीच्या बाह्यांकडे पाहिलं आणि हमालाला बोलवायला गेलो. हमाल येईपर्यंत शिट्टी झाली. तो तसाच बसून राहिला, थेट नांदेडपर्यंत. बत्तीस मासे निघाले होते, बत्तीसच्या बत्तीस जिवंत उतरले.

बागेत आणल्यावर त्यानं ते नदीच्या पाण्यानं भरलेल्या एका मोठ्या तांब्याच्या घंगाळात ठेवले आणि मला पुन्हा एकदा विचारलं, की आणखी पंधरा दिवस इथंच ठेवू का. मी नाही म्हणालो. तालुकदारसाहेब संध्याकाळी येणार होते. तरी त्यानं निम्मेच मासे हौदात सोडले. निम्मे दमलेत, उद्या सोडतो, असं सांगून घंगाळात ठेवून घेतले. मला वाटलं, म्हातारा कामचुकारपणा करतोय.

पहिले दोन दिवस काय ती गंमत. गावातली लेकरं, बायका, वकील, मास्तर, सगळे हौद पाहायला लोटले. पांढऱ्या हौदात लाल मासे खरोखर सुंदर दिसत. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे पोट वर करून तरंगत होते. दुपारपर्यंत आणखी तीन. उरलेले भिंतीला अंग घासत होते, वर येऊन तोंड उघडत होते, आणि त्यांच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा आला होता.

मग माझी अक्कल चालायला लागली. ऊन लागत असेल म्हणून वर तट्ट्यांचा मांडव घातला. येणारे-जाणारे भाकरीचे तुकडे टाकतात म्हणून ते बंद केलं. कुणी विष कालवलं असेल म्हणून दाराला कुलूप लावलं आणि एका गरीब माळ्याला दोन दिवस दरडावत राहिलो. दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. त्यानं मेलेला मासा उलटासुलटा करून पाहिला आणि हिवतापाची शंका काढली. विहिरीचं पाणी घालून पाहिलं, परत नदीचं घालून पाहिलं. शेवटी मला वाटलं, हौदच मळला असावा. मी तो पूर्ण उपसला, काथ्यानं घासून घेतला, आणि वरून चुन्याची नवी सफेदी मारली. हौद पहिल्यापेक्षा पांढरा झाला. त्यात हौदातल्यांपैकी शिल्लक राहिलेले सहा मासे सोडले, ते त्या दिवशी संध्याकाळपर्यंतही टिकले नाहीत. आज हे लिहितानाही मला माझ्या मूर्खपणाचं हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही.

या सगळ्या दिवसांत पाणक्या एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाला नाही. तो फक्त हौदातून अर्धमेले मासे काढायचा, वेगळ्या छोट्या घंगाळात ठेवायचा आणि त्यात चिमूटभर खडेमीठ टाकायचा. माशाच्या अंगाची चिकटी गेली की त्याला मीठ द्यावं, मग ती परत धरते, असं त्याचं म्हणणं. मी त्याला मीठ टाकताना पाहिलं. त्या मिठाच्या पाण्यातले तीन मासे वाचले, तेही पाहिलं.

दौरा पंधरवड्यावर आला तेव्हा तालुकदारसाहेबांचा कागद आला. मासे का मेले याची लेखी कैफियत द्या. मला झोप लागेना. हौदात खोट निघाली तर ओव्हरसियरची खोट, आणि मग कायम होणं विसरा. निलंग्याला वडील लोकांना सांगत होते की आमचा मुलगा आता साहेब झाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बागेत गेलो. आसपास कुणी नव्हतं. लांब, पेरूच्या रोपांशी पाणक्या पाठमोरा वाकून पाणी घालत होता. मी हौदाच्या काठावर बसलो, इकडेतिकडे पाहिलं, तळहाताचा खोलगा केला आणि चार थेंब उचलून जिभेवर घेतले. पानात चुना जास्त झाला की जीभ जशी भाजते, अगदी तशी भाजली. सबंध मराठवाड्यात पान खाणाऱ्या कुणालाही, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी थुंकलो. रुमालानं तोंड पुसलं. मला सगळं समजलं होतं: माझा न मुरलेला चुना, माझी घोटाई, माझी सफेदी.

वर पाहिलं तर पाणक्या कावड खाली ठेवून माझ्याकडे येत होता. माझ्यासमोर चार हातांवर येऊन उभा राहिला. मी विचारलं, काय पाहिजे. “काई न्हाई, सायब,” म्हणाला. तरी उभाच राहिला. मी वैतागून म्हणालो, मग जा, कामं कर. तो थोडा वेळ आणखी थांबला आणि गेला.

मी दफ्तरात येऊन कैफियत लिहायला बसलो. त्याचं नाव लिहायचं तेव्हा मला ते माहीत नाही हे लक्षात आलं. कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, सटवाजी. मी लिहिलं की बागेचा पाणक्या सटवाजी भोई यानं, कुणाचीही परवानगी न घेता, मासे असलेल्या पाण्यात मीठ टाकल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हे मासे गोड्या पाण्यातले आहेत. एवढंच. वाचून पाहिलं, त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. घंगाळ हा शब्द तेवढा मी लिहिला नव्हता. त्या हुशारीचं त्या दिवशी मला कौतुकही वाटलं, आणि ही कबुली द्यायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तालुकदारसाहेब तसे न्यायी माणूस. त्यांनी सटवाजीला समोर बोलावलं. मी बाजूला उभा होतो. त्यांनी विचारलं, तू पाण्यात मीठ टाकलंस का. “हाव,” तो म्हणाला. आणखी काही सांगायचं आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, गयावया नव्हती. कुणीतरी आपलं वाक्य पूर्ण करावं म्हणून थांबल्यासारखं तो पाहत होता. मी फरशीच्या सांध्यांकडे पाहत राहिलो. ओव्हरसियर होतो, सांधे नीट भरले आहेत की नाही ते पाहत होतो म्हणा. मग तो म्हणाला, “न्हाई, सरकार. काई न्हाई.” त्याला कामावरून काढून टाकल्याचा हुकूम तिथंच झाला.

काम गेलं त्याचं एवढं काही नव्हतं. नदी होती, जाळं होतं. पण भोयाच्या हातून सरकारी मासे मेले, ही बातमी दोन दिवसांत घाटापासून मोंढ्यापर्यंत पसरली. लोक हसले. मग हसणं थांबलं आणि लोक विचार करायला लागले. मोंढ्यातल्या एका व्यापाऱ्यानं नवी विहीर खणली होती आणि सटवाबाला, गाव त्याला असंच म्हणे, बोलावणं केलं होतं; त्यानं निरोप पाठवला की आता येऊ नका. घागरीला कुंकू लावणाऱ्या बायका म्हणायला लागल्या की त्याच्या हाताला काहीतरी झालंय. असल्या गोष्टी माझ्या कानावर यायच्या आणि मी विषय बदलायचो.

एक दिवस सकाळी बागेत गेलो तर माझा पांढरा हौद काठोकाठ शेणकाल्यानं भरलेला, वर केळीचे चिरलेले खुंट तरंगताहेत. मी माळ्याच्या अंगावर धावलो. माळी म्हणाला, पाणक्यानं काल केलं. कावड आणि घागरी परत करायला आला होता. जाताना नदीपलीकडच्या केळीच्या मळ्यातून डोक्यावर चार खेपा करून खुंट आणले, स्वतः चिरले, आणि सांगून गेला की पंधरा दिवसांनी उपसा, परत भरा, साय धरली की मोठ्या घंगाळातले मासे सोडा, मधेच कुणाला घासू देऊ नका. आणि माळ्याला हेही म्हणाला होता, “सायबाला म्हना, मासं दमून आल्यात, त्यायला तरी जगू द्या.”

तो हौद त्याच वेळी उपसून टाकावा असं मला क्षणभर वाटलं. पण उपसला नाही. माझ्या पदरात पडत होतं ते मी घेतलं. माळ्याला म्हणालो, राहू दे. दौरे काय, पुढेच जातात; सुभेदारसाहेबांचाही महिन्याभरानं पुढे गेला. तोवर भिंतीला हिरवी साय धरली. घंगाळातले मासे सोडले ते जगले, पोहू लागले, आणि दौऱ्याच्या दिवशी कारंज्याखाली अशी ऐट करत फिरत होते की सुभेदारसाहेब पाच मिनिटं काठावर थांबले. तालुकदारसाहेबांनी माझ्या कागदांवर चांगला शेरा मारला. त्यात एक वाक्य होतं, की सदर पाणक्याला दूर केल्यापासून मासे निरोगी आहेत.

म्हणजे बघा. माझ्या कैफियतीत जी काही फट राहिली असेल, ती त्या माणसानं डोक्यावर खुंट वाहून बुजवली. तो गेला आणि मासे जगले. आता गावात कुणाला शंका उरली नाही. मी नोकरीत कायम झालो. सटवाजी भोई नांदेड सोडून मुखेडकडे लेकीच्या गावी गेला, असं माळ्याकडून कळलं.

पुढे माझी लातूरला बदली झाली, लग्न झालं, पोटही सुटलं. पाच-सहा वर्षांनी मुखेडच्या बाजूला रस्त्याच्या आखणीला जावं लागलं. ऊन मी म्हणत होतं. एका गावाबाहेर दमणी थांबवून बैल सोडले आणि झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याजवळ पाणी मागितलं. त्यानं तांब्या भरला, त्यातले चार थेंब तळहातावर घेऊन चाखले, थुंकला आणि मग तांब्या माझ्यापुढे धरला. माझा हात तिथंच थांबला. त्याच्या डोळ्यांत वडस वाढलं होतं, नीट दिसत नव्हतं, पण आवाजावरून त्यानं ओळखलं. नांदेडचे सायब ना, म्हणाला. बसायला घोंगडी झटकून दिली. पहिला प्रश्न विचारला तो हा, की मासं कसं हायत.

मी सांगितलं, चांगले आहेत, पिल्लं झाली. साय धरली का, असं त्यानं विचारलं. धरली म्हणालो. तो खूश झाला, अगदी मांडीवर थाप मारून खूश झाला. मला ते सहन होईना. पाणी न पिताच मी तांब्या खाली ठेवला आणि नांदेडात ज्या माणसाला ‘ए पाणक्या’ म्हटलं त्याला म्हणालो, “सटवाबा, तुमचा दोष नव्हता. चुना कच्चा होता. मला ते त्याच वेळी कळलं होतं. मी पाणी चाखलं होतं.”

“हाव,” तो म्हणाला. “म्या बघितलं न्हवं का.”

तो आपल्याच नादात, सावकाश, कुणाची तक्रार करावी तसा मुळीच नाही, सांगत होता. “तुमी चाखलं तवा मला लई बरं वाटलं, सायब. म्हनलं, आता सायबाला कळालं. आता सायब बोलतेल. म्हनून कावड ठेवून तुमच्या म्होरं येऊन उभा राहिलो. तालुकदाराम्होरं बी तुमचीच वाट बघितली.”

“तुम्ही का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“हौद तुमचा व्हता,” तो म्हणाला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, इकडे विहिरींत मासळी सोडता की नाही. त्यानं मान हलवली. गावातले बोलावतात, नांदेडचं इथं कुणाला ठाऊक नाही, पण आपणच जात नाही म्हणाला. मग हाताचे दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले, जसे काही ते त्याला दिसतच होते. “चार मानसं म्हनायला लागले हाताला काई झालं, मंग आपल्यालाबी वाटतं. कुनाच्या इहिरीत मेली म्हंजी?” बैल जुंपले गेले होते. मी तांब्यातलं पाणी प्यालो. गोड होतं.

लातूरला परतल्यावर मी दोन वेळा कागद पुढे ओढला. तालुकदारसाहेबांना खरं काय ते लिहायचं. दोन्ही वेळा पहिली ओळ लिहून फाडली. नोकरीत कायम होतो, पण बढती यायची होती. मग बढती आली. मग तालुकदारसाहेब बदलून गेले, मग ते राज्यच गेलं, तालुकदार हा शब्दही गेला, आणि माझी कैफियत कुठल्या कपाटात, कुठल्या वाळवीच्या पोटात गेली कुणास ठाऊक. सटवाबा त्याच्या आधीच गेले. माळ्याच्या पोरानं रस्त्यात भेटून सहज सांगितलं, आणि मी सहज ऐकल्यासारखं केलं.

आता पेन्शनीत बसून मला लोक विचारतात, नवी टाकी बांधलीय, मासे सोडले तर मरतात, काय करावं. मी उठून जातो, चाखतो, थुंकतो आणि सांगतो, पाणी पिकू द्या. केळीचे खुंट टाका, शेण टाका. मासे जगतात, मग लोक माझं नाव घेतात. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवतो की ही विद्या माझी नाही, आणि प्रत्येक वेळी चहा येतो, बाकी विषय निघतात.

म्हणून हे लिहून ठेवतो. कैफियतीत जे राहिलं ते एवढंच आहे. सटवाजी भोई यानं मीठ टाकलं ते घंगाळात. त्या घंगाळातले मासे वाचले. मेले ते हौदात मेले, आणि हौद माझा होता.